दोन-दोन दिसणारा खडा

हेडफोन नीट लावा, आणि जे ऐकत नाही तर वाचतायत त्यांनी मोबाईल जरा डोळ्यांपासून लांब धरा. नेहमीसारखंच आहे, बोलले तसंच उतरवलंय, फक्त मधली खोकल्याची उबळ आणि शेजारच्या मिक्सरचा आवाज काढून टाकलाय.

आजचा विषय माझ्या आजीच्या अंगठीपासून सुरू झाला. लहान बहिणीचं लग्न ठरलंय आणि आजीला तिची माणकाची अंगठी नातीला द्यायचीये. आजोबांनी ती कधीतरी साठच्या दशकात घेतली होती. घरात सगळे तिला ‘माणिक’च म्हणत आले. मध्यंतरी एका सोनाराकडे अंगठी नीट बसवून घ्यायला नेली, तर तो खडा न बघताच म्हणाला, “जुन्या काळचे बरेच खडे कारखान्यातले असतात हो.” घरी आल्यावर आई गप्प. बाबा म्हणाले, काय फरक पडतो. पण फरक पडला होता, कारण त्या दिवसानंतर अंगठीचा विषय निघाला की सगळे जरा हळू आवाजात बोलायला लागले.

मी कॉम्प्युटर सायन्सची बीटेक. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते. मला कोणी “खरं आहे की खोटं, कळत नाही” असं म्हटलं की झोप येत नाही. म्हणून मी दहापट मोठं दाखवणारं भिंग मागवलं आणि रत्नं तपासतात कशी ते वाचायला बसले. वाचता वाचता सापडली एका आयरिश माणसाची गोष्ट. इतकी भारी आहे की अंगठी आठवडाभर बाजूलाच राहिली.

तर चला डब्लिनला. साल १९४५, ऑक्टोबर महिना. महायुद्ध नुकतंच संपलंय.

रिचर्ड टाफ नावाचा एक सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ. इंग्रजीत त्याच्या आडनावात दोन ‘ए’ आणि दोन ‘एफ’ आहेत, हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते आडनाव एका खनिजाला चिकटणार आहे आणि जगभरचे विद्यार्थी स्पेलिंग चुकवणार आहेत. घराणं मूळचं आयरिश, पण पिढ्यान्‌पिढ्या ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या नोकरीत. आजोबा एदुआर्द टाफ तर ऑस्ट्रियाचे पंतप्रधान होते. पहिल्या महायुद्धात रिचर्डचे वडील ऑस्ट्रियाच्या बाजूने राहिले म्हणून ब्रिटिशांनी १९१९ मध्ये त्यांची आयरिश सरदारकी काढून घेतली. आणि युद्धानंतर ऑस्ट्रियाचं साम्राज्यच गेलं. म्हणजे दोन्हीकडून विकेट पडली. तर असा हा साम्राज्यांच्या ढिगाऱ्यातून उरलेला नातू डब्लिनमध्ये रत्नं तपासायचं काम करत होता.

त्याने एका जवाहिऱ्याशी बोलणं करून त्याच्या दुकानातले जुने डबे चाळायला घेतले. आपल्याकडे जुन्या सोनाराच्या खणात असतात ना, मोडीतून निघालेले, कोणी परत न मागितलेले खडे? तसे डबे. त्यात काचाच जास्त. त्यातून खरे खडे वेगळे काढायचे. टाफने रंगाप्रमाणे वाटे केले आणि एकेक खडा दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत गेला. एक फिकट जांभळट खडा होता. वजन १.४१९ कॅरट, म्हणजे साधारण २८४ मिलिग्रॅम. तांदळाचे दहा-पंधरा दाणे म्हणा. रंग, चमक, सगळं स्पिनेलसारखं. स्पिनेल म्हणून वाटीत टाकायचा आणि पुढच्या खड्याकडे वळायचं, एवढंच काम होतं.

पण खड्याच्या मागच्या बाजूला बसलेला धुळीचा कण त्याला दोन दिसला. ओरखडाही दोन दिसला.

इथे थांबायला लागेल, कारण हे ‘दोन दिसणं’ कळलं नाही तर पुढचं सगळं वाया.

प्रकाश हवेतून खड्यात शिरला की मंदावतो. किती मंदावतो याच्या आकड्याला वक्रीभवनांक म्हणतात. दहावीच्या विज्ञानात येऊन गेलाय, पेन्सिल पाण्यात वाकडी दिसते तोच धडा. स्पिनेलचा आकडा साधारण १.७१८. म्हणजे सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश स्पिनेलमध्ये एक लाख चौऱ्याहत्तर हजारांवर येतो. आता स्पिनेलची आतली रचना घनाकृती. तिन्ही दिशांना सारखी. रव्याचा लाडू कुठूनही फोडा, आत तसाच. त्यामुळे प्रकाश कुठल्याही दिशेने गेला तरी वेग एकच, आणि मागचा धुळीचा कण एकच दिसतो.

पण काही स्फटिक लाडवासारखे नसतात, चिरोट्यासारखे असतात. वरून बघाल तर एक, बाजूने बघाल तर पापुद्रेच पापुद्रे. अशा स्फटिकात शिरलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात आणि दोघांचा वेग थोडा वेगळा पडतो. दोघं किंचित वेगळ्या वाटेने बाहेर येतात, म्हणून मागची रेघ दोन दिसते. आणि त्यातही गंमत अशी की एका ठरावीक दिशेने पाहिलं तर हे दुहेरीपण गायब होतं. म्हणजे खडा फिरवून फिरवून बघावा लागतो. कॅल्साइटचा तुकडा पुस्तकावर ठेवलात तर अक्षरं सरळ दोन दिसतात, साध्या डोळ्यांनी, कारण त्याच्यातला दोन आकड्यांमधला फरक ०.१७२ एवढा आहे. झिरकॉनमध्ये ०.०५९ च्या आसपास, माणकात ०.००८.

टाफच्या खड्यात तो फरक होता ०.००४ ते ०.००५.

मी हिशेब करून पाहिला. दोन किरणांच्या वेगात फरक पडतो सेकंदाला फक्त पाचशे किलोमीटरच्या आसपास, तेही एक लाख चौऱ्याहत्तर हजारांत. आणि त्या आकाराच्या खड्यातून बघताना मागची रेघ दोन होऊन सरकते जास्तीत जास्त मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. एवढंसं! तेही योग्य दिशेने बघितलं तर.

बरं, याहून मोठी अडचण होती. स्पिनेल कधीकधी ताणामुळे ध्रुवीय प्रकाशात थोडा विचित्र वागतो. म्हणजे “अरे हा, असं होतं कधीकधी” असं म्हणून सोडून द्यायला छान कारण तयार होतं. आमच्याकडे याला म्हणतात ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’. टेस्ट एकदा फेल होते, परत चालवली की पास होते, आणि आपण काय करतो? पुढे जातो. मी स्वतः गेलीये. तीन महिन्यांनी तोच बग रात्री दोन वाजता फोन करून उठवतो.

टाफ पुढे गेला नाही. ताणामुळे खड्यात छटा दिसू शकतात, धुळीच्या कणाचे दोन कण होत नाहीत, हे त्याला माहीत होतं. त्याने स्वतः करता येतील त्या चाचण्या केल्या. बाकी सगळं स्पिनेलचं. हे एक सोडून. मग १ नोव्हेंबर १९४५ ला त्याने तो खडा लंडनला पोस्टाने पाठवला आणि सोबत चिठ्ठी लिहिली: हा सगळा स्पिनेलसारखा वागतो, पण दोन-दोन दिसतं, हे काय आहे?

चिठ्ठी गेली बॅसिल अँडरसन यांच्याकडे. लंडनच्या व्यापारी मंडळाने १९२५ मध्ये रत्नं तपासायची प्रयोगशाळा काढली होती, ती अँडरसन चालवायचे. प्रयोगशाळा सुरू झाली ती मोत्यांमुळे. जपानमधले कल्चर्ड मोती बाजारात आले आणि नैसर्गिक मोत्यांच्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं, म्हणून ओळखायची सोय हवी होती. म्हणजे तेव्हाही सगळ्यांच्या पोटात गोळा तोच, माझ्या आईच्या पोटात आला तोच.

अँडरसन आणि त्यांचे सहकारी पेन यांनी मोजमापं घेतली. वक्रीभवनांक १.७१८ आणि १.७२३, दोन आकडे, म्हणजे खडा दुहेरीच. मग घनता. ती कशी मोजतात हे सांगते कारण ते घरी करता येतं. खडा हवेत तोला, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोला. जेवढं वजन कमी होतं तेवढं त्याने बाजूला सारलेलं पाणी. टाफचा २८४ मिलिग्रॅमचा खडा पाण्यात साधारण ७९ मिलिग्रॅमने हलका व्हायला हवा. भागाकार करा, येतं ३.६१ च्या आसपास. स्पिनेलची घनता? ३.६०. काठिण्य? स्पिनेलचं ८, याचं ८ ते साडेआठ. म्हणजे जो आकडा काढावा तो स्पिनेलला खेटून.

जगात तेव्हा माहीत असलेल्या खनिजांच्या यादीत हे सगळे आकडे एकत्र बसतील असं काहीच नव्हतं. मग ब्रिटिश म्युझियममध्ये क्लॅरिंगबुल यांनी क्ष-किरणांनी आतली रचना पाहिली. तीही कशाशी जुळेना. उरला एकच प्रश्न, हा बनलाय कशाचा? आणि ते १९४५ च्या सुमारास कळायचं तर खडा फोडावा लागायचा. जगातला एकुलता एक नमुना. टाफने परवानगी दिली. खड्याचा तुकडा काढला गेला, मॅक्स हे नावाच्या रसायनतज्ज्ञाने एवढुशा कणांवर पृथक्करण केलं, आणि उरलेल्याला पुन्हा पैलू पाडले. आत निघालं मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन, स्पिनेलमध्ये असतं तसंच, आणि वर बेरिलियम. बेरिलियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मुख्य घटक असलेलं खनिज तोवर कोणाला माहीतच नव्हतं.

१९५१ मध्ये शोधनिबंध छापून आला. नाव ठेवलं टाफाइट. नवं खनिज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर, हातोडी, खाकी कपडे येतात. हे खनिज सापडलं दुकानातल्या डब्यात, पैलू पाडलेल्या अवस्थेत. कोणीतरी ते जमिनीतून काढलं होतं, कोणीतरी घासलं होतं, कोणीतरी बहुतेक अंगठीत घातलंही असेल, आणि कुठल्याच टप्प्यावर कोणाला कळलं नव्हतं. पैलू पाडलेल्या रत्नातून सापडलेलं हे पहिलंच खनिज. ते आलं कुठून, हेही सुरुवातीला सांगता येईना. पुढे श्रीलंकेच्या नदीकाठच्या वाळूगोट्यांत असे खडे सापडले, तेव्हा उलगडलं. दुसरा टाफाइट मिळाला १९४९ मध्ये, त्याच लंडनच्या प्रयोगशाळेत, स्पिनेल समजून आलेल्या खड्यांमध्येच.

एवढं दुर्मिळ का? बेरिलियम पृथ्वीच्या कवचात मुळातच फार कमी. त्यात सिलिका भेटली की ते तिच्याशी जोडी जमवून बेरील बनवतं. पाचू त्याच घरातला. टाफाइट व्हायला सिलिका जवळजवळ नको, मॅग्नेशियम हवं, ॲल्युमिनियम हवं आणि बेरिलियमही हवं. मुंबईत लोकलला खिडकीची जागा, पंखा आणि शेजारी न बोलणारा माणूस, तिन्ही एकदम मिळण्यासारखं आहे ते.

आता गोष्टीतला दुसरा खडा.

१९६७. दक्षिण ऑस्ट्रेलियातली मस्ग्रेव्ह पर्वतरांग, एर्नाबेला नावाच्या वस्तीजवळचा भाग. इथल्या खडकात टाफाइटच्या कुटुंबातलं एक नवं खनिज सापडलं, तेच घटक पण प्रमाण वेगळं. पर्वतावरून नाव दिलं मस्ग्रेव्हाइट. पुढची सव्वीस वर्षं ते खडकातलंच खनिज राहिलं, दागिन्यात घालण्यासारखा तुकडा नाही. रत्न म्हणून पैलू पाडलेला मस्ग्रेव्हाइट वर्णिला गेला तो १९९३ मध्ये. तोही श्रीलंकेचा.

यूट्यूबवर ‘जगातली दहा सर्वांत दुर्मिळ रत्नं’ टाइपचे व्हिडिओ बघितले असतील तर मस्ग्रेव्हाइटचं नाव ऐकलं असेल. साधारणपणे टाफाइटपेक्षा मस्ग्रेव्हाइट बराच महाग. पण व्हिडिओवाला एक गोष्ट सांगत नाही. दोन्ही खडे शेजारी ठेवले तर तो व्हिडिओवालाच काय, चांगला मुरलेला जवाहिऱ्याही सांगू शकत नाही कुठला कोणता.

टेबल करून दाखवते. म्हणजे बोलून. रंग: दोघेही फिकट जांभळे, राखाडी, गुलाबीसर, क्वचित रंगहीन. काठिण्य: दोघंही ८ ते साडेआठ. घनता: टाफाइट ३.६१ च्या आसपास, मस्ग्रेव्हाइट ३.६१ पासून थोडी वर. वक्रीभवनांक: दोघांचे आकडे १.७२ च्या आजूबाजूला, एकमेकांच्या अंगावर चढलेले. दुहेरीपण: दोघांत आहे, दोघांत थोडंसंच. खड्यात लोह जस्त किंचित कमीजास्त असलं की हे आकडे सरकतात, आणि सरकणं हे दोन खनिजांमधल्या फरकाहून मोठं असतं. म्हणजे ज्या भिंगाने आणि तराजूने टाफाइटला स्पिनेलपासून वेगळं काढलं, ती सगळी हत्यारं इथे हात टेकतात.

का, हे कळलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात फेरी मारून आले.

या खनिजांची रचना दोन प्रकारच्या थरांची असते. एक थर स्पिनेलचा. अगदी तोच, स्पिनेलचा. दुसरा थर बेरिलियमवाला. टाफाइटमध्ये हे दोन थर एकास एक. मस्ग्रेव्हाइटमध्ये बेरिलियमवाले दोन आणि स्पिनेलचा एक. बस. आमच्या भाषेत सांगायचं तर दोनच मॉड्यूल, तेच कोड, फक्त किती वेळा कॉल केलंय एवढा फरक. टाफचा खडा स्पिनेलसारखा दिसत होता याचं कारण त्याच्या आत खरोखरच एकाआड एक स्पिनेल भरलेला होता. आणि तो दोन-दोन दाखवत होता कारण थर आले की दिशा आली, लाडवाचा चिरोटा झाला.

२००२ मध्ये खनिजशास्त्रज्ञांनी म्हणूनच दोघांची अधिकृत नावंही बदलली. दोघंही आता ‘मॅग्नेशियोटाफाइट’, पुढे थरांची संख्या सांगणारा कोड. बाजाराने अर्थातच दुर्लक्ष केलं. अंगठीच्या डबीवर ‘मॅग्नेशियोटाफाइट-६एन३एस’ लिहून कोण लग्नाची मागणी घालणार?

मग ओळखायचं कसं? खडा फोडून पृथक्करण करता येतं, पण एवढा महाग खडा कोण फोडू देणार. सगळे टाफ नसतात. मार्ग निघाला १९९८ मध्ये, आणि तो ज्या माणसाच्या नावाने निघाला ते नाव तुम्हाला शाळेपासून पाठ आहे.

रामन.

२८ फेब्रुवारी १९२८, कोलकाता. दरवर्षी शाळेत विज्ञान दिन साजरा व्हायचा, आम्ही ज्वालामुखीचं मॉडेल करायचो, पण रामन यांनी नक्की काय केलं होतं हे मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत धड माहीत नव्हतं. सोपं करून सांगते. माठ घेताना आई काय करते? बोटाने टकटक करते. आवाजावरून कळतं पक्का भाजलाय की चीर गेलीये. रामन परिणाम म्हणजे प्रकाशाने केलेली टकटक. एकाच शुद्ध रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकायचा. बहुतेक सगळा त्याच रंगाचा परत येतो. पण अगदी थोडा प्रकाश आतल्या अणूंच्या थरथरण्याला ऊर्जा देऊन किंवा तिच्याकडून घेऊन, रंग किंचित बदलून येतो. कोणता रंग किती बदलला यावरून आतले अणू कसे जोडलेत ते कळतं. प्रत्येक स्फटिकाचा आवाज वेगळा.

रामन यांना स्वतःला रत्नांचं भारी वेड. हिरे जमवायचे, मोती, ओपल, लॅब्राडोराइट यांच्या रंगांवर त्यांनी संशोधन केलंय. त्यांच्या काळात हा प्रयोग वेळखाऊ होता. लेझर आल्यावर तो काही मिनिटांवर आला. १९९८ मध्ये लोरे कीफर्ट आणि कार्ल श्मेट्झर यांनी दाखवून दिलं की टाफाइट आणि मस्ग्रेव्हाइटचे रामन आलेख स्पष्ट वेगळे येतात. खडा कापायचा नाही, घासायचा नाही, दागिन्यातून काढायचीही बहुतेकदा गरज नाही. लेझर टाकायचा, आलेख बघायचा. थरांचं प्रमाण बदललं की टकटकीचा आवाज बदलतो, साधं आहे. त्यानंतर टाफाइट म्हणून नोंदलेले काही खडे पुन्हा तपासले तेव्हा ते मस्ग्रेव्हाइट निघाले. विचार करा, खडा तोच, तिजोरी तीच, रात्रीतून किंमत वेगळी.

किमतीवरून आठवलं. स्पिनेलला आपण या गोष्टीत नुसता ‘तो नव्हे तो’ करून टाकलाय, ते बरोबर नाही. ब्रिटिश राजमुकुटाच्या समोर जो मोठा लाल खडा आहे, ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’, तो माणिक नाही, स्पिनेल आहे. ‘तैमूर माणिक’ म्हणून जो ३५२.५ कॅरटचा खडा आहे, ज्याच्यावर जहांगीरपासून अहमदशहा दुराणीपर्यंत नावं कोरलीयत, तोही स्पिनेल. यावर लोक हसतात, बघा, बादशहा फसले! नाही हो. मुघल अशा खड्यांना ‘लाल’ म्हणायचे, माणकाला ‘याकूत’. बदख्शानच्या खाणीतला लाल त्यांना वेगळा म्हणून माहीत होता आणि वेगळा म्हणूनच आवडत होता. अल-बिरूनीने अकराव्या शतकात रत्नांची घनता पाण्याने मोजून ठेवली होती आणि लालबद्दल माणकापासून वेगळं लिहिलं होतं. युरोपात हा फरक शास्त्रशुद्ध मांडला रोमे द लिल या फ्रेंच माणसाने, १७८३ मध्ये. ‘माणिक’ हे लेबल इंग्रजीत चिकटलं आणि मग तेच खोटं ठरलं. खडा बिचारा पहिल्यापासून खराच होता.

आता अंगठी.

माणिक की लाल हे ओळखायला माझं भिंग पुरलं नसतं, पण माझा प्रश्न तो नव्हता. माझा प्रश्न कारखान्याचा होता. व्हर्नूई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये पूड वितळवून माणिक बनवायची रीत जाहीर केली. हे माणिक ‘नकली’ म्हणता येत नाही, कारण काठिण्य ९, घनता ४, वक्रीभवनांक १.७६, सगळं खऱ्या माणकाचंच. मापं घेऊन काही कळत नाही. फरक एकच: पूड वितळून थेंबाथेंबाने गोलाकार वाढत जाते, म्हणून आत वर्तुळाच्या तुकड्यासारख्या वाकड्या रेघा राहतात. जमिनीत वाढलेल्या माणकात रेघा सरळ असतात, कोनात वळणाऱ्या.

गेल्या रविवारी दुपारी मी अंगठी खोबरेल तेलाच्या वाटीत ठेवली, म्हणजे पैलूंची चमक जरा कमी होते, खालून मोबाईलचा टॉर्च लावला आणि भिंग डोळ्याला लावून बसले. वीस मिनिटं काही नाही. मान दुखली. मग अंगठी जरा तिरकी केली आणि मला वाटलं रेघ दिसली. वाकडी. परत फिरवली तर गेली. परत आणली. आली की नाही, सांगता येईना. हा माझा ०.००४ चा क्षण होता, फक्त मी टाफ नाही.

आजी पलंगावर बसून बघत होती. म्हणाली, “अगं, काय शोधतेस एवढं?”

“रेघा.”

“मग? आहेत?”

मी म्हटलं प्रयोगशाळेत देऊ या, ते काही फोडत नाहीत, मशीनखाली ठेवतात, दोन दिवसांत परत देतात. आजीने अंगठी तेलातून काढली, पदराला पुसली, बोटात घातली. ती आता सैल होते, म्हणून ती दोरा गुंडाळते. दोरा तेलाने ओला झाला होता तो काढून तिने नवा गुंडाळला.

प्रयोगशाळेचा फॉर्म मी प्रिंट करून आणलाय. मालकाची सही लागते. तो फॉर्म फ्रिजवर, लाइटच्या बिलाखाली आहे. आजी म्हणाली, लग्न होऊन जाऊ दे.

पुढच्या भागात भेटू. अंगठीचं काही कळलं तर सांगेन, आजीने सांगू दिलं तर.